हाय-लोचा लिव्हर आपोआप निसटतो? जुन्या जीपचा डबा उघडण्याआधी एवढं बघा

उतार लागतो, तुम्ही ॲक्सिलेटरवरून पाय काढता, खालून ‘टक्क’ असा आवाज येतो आणि इंजिन एकदम मोकळं सुटतं. मोठा गिअर बघावा तर दुसऱ्यातच आहे. क्लचवर पायही नाही. तरी गाडी इंजिनाचं ऐकत नाही आणि वेग वाढत चाललाय. अशा वेळी निसटलेला असतो तो मोठ्या गिअरच्या शेजारचा छोटा लिव्हर, हाय-लोचा. हाय नेहमीच्या रस्त्याला, लो जास्त जोराला, आणि हा लिव्हर ज्या डब्याचा तो ट्रान्सफर केस: गिअरबॉक्सच्या मागे बसून ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारा.

हे दुखणं घेऊन आलेल्या जीप मी गेली वीसेक वर्षं बघतोय. पाटण भागात गॅरेज आहे. एका बाजूला कोयनेचं खोरं, दुसरीकडे कुंभार्ली घाट, त्यामुळे इथे चढ-उताराला तोटा नाही. पूर्वी वडापच्या, म्हणजे शेअर सवारीच्या जीप यायच्या, आता शेतावरच्या आणि हौसेने जपलेल्या येतात. दुखणं मात्र तेच. आणि दर वेळी मालक येतानाच सांगतो, “डबा उघडा, गिअर गेलेत.” माझा अनुभव असा की निम्म्याहून जास्त वेळा गिअरना काहीही झालेलं नसतं. डबा न उघडता, पैसा न घालवता जे बघता येतं ते आधी बघा, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कोणत्या गाड्यांबद्दल

ज्या जीपला मोठ्या गिअर लिव्हरशिवाय खाली दोन छोटे लिव्हर आहेत, त्या सगळ्या. एक लिव्हर पुढचा ॲक्सल जोडतो-सोडतो. दुसरा हाय, न्यूट्रल आणि लो. विलिज ही अमेरिकन कंपनी १९४१ साली लष्करासाठी जी जीप बनवायला लागली, तिच्यापासून हा ‘स्पायसर १८’ ट्रान्सफर केस चालत आलाय. अमेरिकेत १९७१ पर्यंत छोट्या जीपला हाच होता, आणि आपल्याकडच्या महिंद्राच्या जीपला त्यानंतरही कितीतरी वर्षं याच घराण्यातला डबा होता. म्हणून पुढे लिहिलेलं पेट्रोल इंजिनाच्या जुन्या सीजे-३बीलाही लागू आहे आणि नंतर डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्यांनाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. या डब्यात हायमध्येसुद्धा ताकद सरळ मागे जात नाही, मधल्या गिअरवरून फिरून जाते. म्हणून हा डबा कायम थोडा ‘कुंई’ करतोच. नुसत्या त्या आवाजाला घाबरून कोणी डबा उघडायला लावत असेल तर उघडू देऊ नका.

लक्षणं

निसटतो म्हणजे नक्की कधी निसटतो, हे दोन-तीन दिवस नीट लक्ष देऊन टिपून ठेवा. अर्धं निदान तिथेच होतं.

पाय काढल्यावर, उतारावर निसटतो: सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. संशय आधी फाउंडेशन रबरांवर (इंजिन आणि डबा ज्यांवर बसतो ती) आणि फरशीच्या पत्र्यावर.

चढावर, जोर लावल्यावर निसटतो: इथेही रबर असू शकतं, पण लोमध्ये आणि सपाटीवर हळू जोर दिला तरी निसटत असेल तर दाते किंवा बेअरिंग धरून चाला.

खड्ड्यात आपटल्यावरच निसटतो: लिव्हरची पिन, किंवा पॉपेट, म्हणजे लिव्हर जागेवर धरणारी स्प्रिंग आणि गोळी.

लिव्हर टाकताना ‘खट्ट’ असं बसल्याचं हाताला कळतच नाही, लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरतो: बहुतेक पॉपेट.

लिव्हर निसटत नाही, उलट अडकून बसतो, विशेषतः पुढच्या ॲक्सलचा: हे वेगळं दुखणं आहे, त्याबद्दल खाली.

निसटण्यासोबत ठोके येतात, तेलात चकाकी दिसते: गाडी चालवणं तिथेच थांबवा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

आधी सुरक्षेचं

लिव्हर निसटल्यावर माणूस पहिल्यांदा काय करतो, तर खाली वाकून तो परत ढकलायला बघतो. हे करू नका. फिरत्या गिअरवर दुसरा गिअर आदळतो, करकर आवाज होतो आणि तेवढ्यात गाडी वळणाच्या बाहेर गेलेली असते. आधी ब्रेक, गाडी पूर्ण उभी, मग लिव्हर. घाटात असाल तर चाकाला दगड लावून मगच.

ट्रान्सफर केस न्यूट्रलला असेल तर मोठा गिअर पहिल्यात टाकून ठेवून काहीच उपयोग नाही. गाडी गिअरवर उभी आहे असं तुम्हाला वाटतं, पण इंजिन आणि चाकं यांचा संबंधच तुटलेला असतो. बऱ्याच जुन्या जीपचा हँडब्रेक चाकात नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टच्या ड्रमवर असतो. तो न्यूट्रलमध्येही गाडी धरतो. पण मागचं एक चाक जॅकवर उचललं की तोही धरत नाही, कारण डिफरन्शिअलमुळे ते उचललेलं चाक उलटं फिरतं आणि गाडी जमिनीवरच्या चाकावर सरकते. गाडीखाली शिरण्याआधी चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे हवेतच. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका, खाली घोडे (लोखंडी स्टँड) लावा.

१. हाताची सवय

खर्च शून्य. लिव्हर पूर्ण बसला नसेल तर तो निसटणारच. या डब्याला सिंक्रो (गिअरांचा वेग जुळवून देणारी रचना) नाही. गिअर सरकून दुसऱ्याच्या दात्यांत शिरतो, आणि अर्धाच शिरला तर जोराखाली बाहेर फेकला जातो. लो टाकायचा असेल तर गाडी थांबवा किंवा माणूस चालतो त्याहून हळू करा, क्लच पूर्ण दाबा, पुढचा ॲक्सल आधी जोडा, मग लो. पुढचा ॲक्सल जोडल्याशिवाय लो पडत नाही, कारण दोन्ही लिव्हरच्या आतल्या दांड्यांच्या मध्ये तशी कडीच बसवलेली आहे. दाता दात्यावर आला आणि लिव्हर जात नसेल तर ढकलाढकली न करता क्लच किंचित सोडून परत दाबा. दाते थोडे फिरतात आणि लिव्हर आपसूक आत जातो.

लोवरून हायला चालत्या गाडीत येता येतं, पण डबल क्लचने: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडायचा, इंजिनाचा वेग पडू द्यायचा, परत क्लच, मग हाय. जमत नसेल तर थांबून टाका, त्यात कमीपणा काही नाही.

आणि चालवताना लिव्हरवर हात ठेवून बसू नका. तुमच्या हाताचं वजन आतल्या फोर्कवर (गिअर सरकवणाऱ्या चिमट्यावर) येतं आणि तो गिअरच्या खाचेत घासत राहतो. वर्षानुवर्षं तसं चालवलेल्या गाड्यांचे फोर्क एका बाजूने पातळ झालेले मी काढलेत.

२. फरशीचा पत्रा आणि रबरी बूट

हे बघायला पाच मिनिटं लागतात, आणि याच एका गोष्टीने सगळ्यात जास्त लोकांचे पैसे वाचलेत.

दोन्ही लिव्हर डब्यावर बसलेले आहेत, फरशीवर नाहीत. इंजिन, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस हा सगळा एकच अखंड गोळा रबरांवर तरंगतो. जोर दिला की तो एका बाजूला पिळतो, पाय काढला की परत उलटा. लिव्हर त्याच्याबरोबर हलतात, फरशी जागेवरच राहते. आता पत्र्यातली खाच लहान असेल, बूट वाळून कडक झाला असेल, किंवा वर जाड मॅट टाकली असेल, तर डबा हलला की लिव्हर पत्र्याला टेकतो आणि पत्राच त्याला गिअरमधून ओढून काढतो.

बूट वर करा आणि लिव्हरच्या दांड्याकडे टॉर्च मारून बघा. जिथे तो पत्र्याला घासतो तिथे रंग गेलेला असतो आणि नखाएवढा चकचकीत पट्टा दिसतो. बाकी सगळा दांडा तेलकट काळा, आणि तेवढाच भाग नव्या नाण्यासारखा. तो दिसला की कारण बहुतेक सापडलं. खात्री करायची तर मॅट, बूट आणि गिअरबॉक्सवरचं पत्र्याचं झाकण काढून त्याच उतारावर गाडी फिरवून आणा. निसटायचं थांबलं तर डब्याचा काही दोष नाही.

हेळवाककडच्या एका आजोबांची जीप अशीच आली होती. दुसरीकडे डबा दोनदा उघडून झाला होता, गिअरही बदलले होते, आणि तरी लो टिकत नव्हता. आजोबा म्हणाले, “बाबा, आता तिसऱ्यांदा पैसा नाही माझ्याकडं.” झाकण काढलं तर दांड्यावर तो पट्टा. पत्रा गंजला म्हणून कोणीतरी वरून दुसरा पत्रा मारला होता आणि खाच बोटभर अरुंद केली होती. खाच कापून मोठी केली, बूट नवा घातला. गाडी आजही शेणखत वाहते. ती आठवण झाली की मला अजून वाईट वाटतं, कारण आजोबांचा घामाचा पैसा नुसता बघायचं राहिलं म्हणून गेला.

३. फाउंडेशन रबर

पत्र्याची खाच मूळचीच आहे आणि तरी लिव्हर टेकतोय, म्हणजे डबा गरजेपेक्षा जास्त हलतोय. पुढची दोन इंजिन रबरं आणि मागे क्रॉस मेंबरवरचं गिअरबॉक्सचं रबर बघा. तेल पिऊन फुगलेलं, लोखंडापासून सुटलेलं, किंवा बसून चपटं झालेलं रबर डोळ्यांनाही दिसतं. नाही दिसलं तर पहार घालून हलकं उचकटून बघा. लोखंड आणि रबर यांच्यात फट उघडली तर ते गेलं.

जोराखाली बघायचं तर दोन माणसं लागतात. गाडी सपाटीवर, चाकांना ठोकळे, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक दाबलेला. आतल्या माणसाने पहिला गिअर टाकून क्लच इतकाच सोडायचा की इंजिन वजन घेईल. मग तेच रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही. इंजिन थोडं हलणं ठीक आहे, लिव्हर पत्र्यावर आपटणं ठीक नाही.

जुन्या पेट्रोल जीपला क्रॉस मेंबरपासून एक स्टे केबल असते, क्लच दाबल्यावर इंजिन पुढे सरकू नये म्हणून. किती गाड्यांतून ती हरवलेली असते सांगता येत नाही. तुमच्या गाडीला तिची जागा असेल आणि केबल नसेल तर बसवा. डिझेल इंजिन बसवलेल्या गाड्यांत रबर जास्त लवकर जातं, कारण धक्केच जास्त. बदलताना सगळी रबरं एकदम बदला. एक नवं आणि दोन जुनी ठेवली तर डबा वाकडा बसतो.

४. लिव्हरची पिन

दोन्ही लिव्हर एकाच आडव्या पिनेवर फिरतात. पिन आणि भोक झिजलं की लिव्हर डुलतो, आणि खालचं टोक दांडीच्या खाचेत सैल पडतं. मग वर लिव्हर पूर्ण गेल्यासारखा वाटतो, आत गिअर मात्र अर्धाच सरकलेला असतो. लिव्हर टाकून हाताने डावीकडे-उजवीकडे हलवा. करंगळीएवढा हलला तर पिन बदला, भोक जास्त मोठं झालं असेल तर लेथवाल्याकडून बुश मारून घ्या. निपल असेल तर ग्रीस मारा. चिखलातून जाणाऱ्या गाडीला हे दर पावसाळ्यानंतर करावंच लागतं.

५. तेल

नव्वद नंबरचं गिअर ऑइल, भरायच्या बूचाच्या कडेपर्यंत. गाडी सपाटीला उभी करून बूच काढा आणि बोट घाला. तेल नसेल तर बेअरिंग आधी जातात, आणि शाफ्ट हलायला लागला की गिअर निसटतो.

गिअरबॉक्सची पातळीही त्याच वेळी बघा. गिअरबॉक्स कमी आणि ट्रान्सफर केस भरून वाहतोय, असं असेल तर मधलं सील गेलंय आणि तेल पलीकडे जातंय. जास्त झालेलं तेल मागच्या सीलमधून हँडब्रेकच्या ड्रमवर उडतं. म्हणजे लिव्हर निसटतोय आणि हँडब्रेकही धरत नाही. अशी गाडी घाटात नेऊ नका.

थोडं तेल पांढऱ्या कपड्यावर घ्या. राखाडी झाक असेल तर झिजेची. डोळ्यांना कण दिसले, किंवा बूचाला दात्याचा तुकडा चिकटून आला, तर पुढचं काही करू नका.

६. पॉपेट

पुढच्या आउटपुटच्या कव्हरमध्ये दोन सरकत्या दांड्या आहेत. प्रत्येकीला खाचा, आणि खाचेत स्प्रिंगने दाबलेली एक गोळी. लिव्हर टाकताना जो ‘खट्ट’ लागतो तो हिचाच. कव्हरच्या दोन्ही बाजूंना बाहेरून बूच आहेत. एक बूच काढा, स्प्रिंग आणि गोळी चुंबकाने बाहेर घ्या, मग दुसरीकडचं. दोन्ही स्प्रिंग शेजारी उभ्या करून उंची बघा. बुटकी झालेली, मोडलेली असेल तर दोन्ही नव्या घाला. गोळीवर गंज किंवा सपाट डाग असेल तर तीही. हा सगळा माल फारच स्वस्त आहे. मग बुचाच्या भोकातून टॉर्च मारून दांडीची खाच बघा. कड ठसठशीत असली पाहिजे. झिजून उतरती झाली असेल तर नवी गोळीही त्यावरून घसरते, आणि दांडी बदलण्यासाठी कव्हर काढावं लागतं.

इथे एक चुकीचा उपाय फार चालतो: स्प्रिंगच्या मागे वॉशर घालून ती कडक करणं. पॉपेटचं काम गिअर जागेवर ठेवणं एवढंच आहे. जोराखाली गिअरला धरून ठेवतात ते दात्यांचे सरळ चेहरे. दाते उतरते झाले असतील तर गिअर बाहेर पडायला बघतो, स्प्रिंग त्याला अडवते, आणि मधल्या मध्ये फोर्क घासून जातो. चार महिन्यांनी फोर्कही बदलावा लागतो. लिव्हरला दोरी किंवा टायरच्या ट्यूबची पट्टी बांधून ठेवण्याचंही तसंच. शिवाय अडचणीच्या वेळी लिव्हर चटकन काढता येत नाही.

दोन दांड्यांमधली ती कडी काढून टाकून ‘दोन चाकांवर लो’ मिळवणारेही भेटतात. हिशोब करा. जुन्या सीजे-३बीचा पहिला गिअर २.८०, लो २.४६, मागचं डिफरन्शिअल ५.३८. गुणाकार सुमारे ३७. तेवढा सगळा पीळ एकट्या मागच्या ॲक्सलवर टाकायचा नाही म्हणून ती कडी आहे. काढली असेल तर परत बसवा.

लिव्हर अडकत असेल तर

चारही टायर एका मापाचे आणि सारखे झिजलेले आहेत का बघा. डांबरावर पुढचा ॲक्सल जोडून वळणं घेतली की पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो पीळ शाफ्टमध्ये साठतो आणि लिव्हर सुटत नाही. थोडं रिव्हर्स घेतलं की सुटतो. डांबरावर पुढचा ॲक्सल जोडूच नका.

जोडजाड करून बांधलेल्या गाड्यांत पुढचं डिफरन्शिअल एका गाडीचं आणि मागचं दुसरीचं असू शकतं. ठोकळे लावून, गिअर आणि ट्रान्सफर न्यूट्रलला ठेवून, एक चाक उचला. चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. हँडब्रेक शाफ्टवर असेल तर तो सोडावा लागेल, म्हणून ठोकळे पक्के हवेत. पाचाला थोडे कमी भरले तर ४.८८, पाच आणि वर तिसरा हिस्सा तर ५.३८. पुढे-मागे वेगळा आकडा आला तर दुसरं काही शोधू नका.

७. आता खालून

इथून पुढे हात सरावाचा हवा. मागच्या आउटपुटचं योक (प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडतो ते टोक) धरून वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. वर-खाली हललं तर टेपर बेअरिंग गेली. आत-बाहेरची हालचाल इंचाच्या चार ते आठ हजारांश भागांएवढी, म्हणजे ०.१० ते ०.२० मिमी, चालते. ती मागच्या कव्हरखालच्या शिमने (पातळ पत्र्याच्या चकत्यांनी) जुळवतात. डायल गेज नसेल तर अंदाजाने शिम काढू नका. हालचाल कमी पडली तर बेअरिंग जळते.

डब्याच्या मागच्या अंगाला पीटीओची (इंजिनाची ताकद बाहेरच्या यंत्राला द्यायची) जागा असते, वर गोल झाकण. ते काढलं की गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवरचा गिअर आणि त्याचा नट समोर दिसतो. नटाची स्प्लिट पिन जागेवर आहे का बघा. नट ढिला असेल तर गिअर शाफ्टवर डुलतो, स्प्लाइन (शाफ्टवरचे उभे खाचे) खातो, आणि त्याचा धक्का पुढच्या सगळ्या गिअरना बसतो. एवढा नट आवळून नवी पिन घालून दुरुस्त झालेल्या दोन-तीन गाड्या तरी माझ्याकडे झाल्या.

इथे थांबा आणि जाणत्या मिस्त्रीला बोलवा

तेलात धातूचे कण, दात्यांचे कोपरे गोल किंवा उतरते, योकला वर-खाली ढिलाई, मधला गिअर हाताने डुलणं, फोर्क वाकलेला, स्प्लाइन खाल्लेले. यातलं काहीही दिसलं तर घरी पुढे जाऊ नका. डबा लोखंडी आणि जड आहे, एकट्याने खाली पडून काढताना तो छातीवर येतो. आत मधल्या गिअरच्या सुट्या सुयांच्या बेअरिंग आहेत, थ्रस्ट वॉशर आहेत, आणि एक सुई निसटून पडली तरी काम परत करावं लागतं.

मिस्त्रीला नुसतं ‘गिअर निसटतो’ म्हणू नका. हायमध्ये की लोमध्ये, जोरावर की पाय काढल्यावर, आणि वरच्यापैकी काय काय बघून झालंय, ते सांगा. मधला शाफ्ट वेगवेगळ्या काळात पाऊण इंच, एक पूर्णांक एक अष्टमांश इंच आणि सव्वा इंच अशा तीन जाडीचा आलाय. म्हणून जुना शाफ्ट आणि वॉशर हातात घेऊनच दुकानात जा, नुसतं ‘जीपचा’ म्हणून माल आणू नका. जोडीतला एक गिअर नवा आणि एक जुना बसवायला सांगितलं तर नाही म्हणा.

गाडी परत आली की आधी मोकळ्या मैदानात, मग छोट्या चढावर, हाय आणि लो दोन्हीत, जोर देऊन आणि पाय काढून बघा. साधारण २०० किमी झाल्यावर फाउंडेशनचे बोल्ट परत आवळा, दोन्ही डब्यांचं तेल बोटाने बघा आणि हँडब्रेकच्या ड्रमखाली तेलाचा थेंब आहे का ते कागद अंथरून रात्रभर ठेवून तपासा. कागद कोरडा निघाला की मग घाटात न्या.